जीपीएस घड्याळ किती खरं बोलतं : रत्नागिरीच्या सड्यावर, पाखाडीत आणि वाळूत दीड वर्ष पळून लिहितेय

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट. जानेवारीत हाफ मॅरेथॉन होती आणि त्याच्या आधीचा शेवटचा मोठा रन, अठरा किलोमीटर, पहाटे पाचला घरातून निघून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याने गोळपच्या चढापर्यंत आणि परत. घराच्या गेटशी येऊन बटण दाबलं, सेव्ह करायला गेले आणि स्क्रीन काळी. मग कंपनीचं चिन्ह आलं, घड्याळ आपोआप बंद होऊन परत चालू झालं आणि रन गेला. घड्याळात नाही, ॲपमध्ये नाही, कुठेच नाही. दोन तास पळून आले होते, कुठल्या किलोमीटरला पाय जड झाले, शेवटचे तीन कसे काढले, हे सगळं बघायचं होतं, त्याच्यावर रेसचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं, ते ठरवायचं होतं. पायरीवर बसून रडले चक्क.

सर्व्हिसचं म्हणाल तर रत्नागिरीत त्यांचं सेंटर नाही, कुरिअर करा म्हणाले, केलं, तीन आठवड्यांनी परत आलं, सोबत कागद की सॉफ्टवेअर अपडेट केलं आहे, आता व्यवस्थित चालेल. पंधरा दिवसांत परत तेच झालं. कंपनीचं नाव लिहीत नाही, माझ्या हातातल्या एका पीसवरून अख्ख्या कंपनीला नावं ठेवणं बरोबर नाही, आणि त्याच न्यायाने आता जे वापरते त्याचंही नाव सांगत नाही. पण दोन्ही घड्याळं एका वेळी दोन हातात बांधून मी भरपूर पळले आहे, मोजून पळले आहे, आणि आमच्या ग्रुपमध्ये दर महिन्याला कोणीतरी विचारतंच की ताई कुठलं घेऊ, तर एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

जुनं घड्याळ साधं, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं, साडेआठ हजाराला घेतलेलं. नवीन ड्युअल फ्रिक्वेन्सीवालं, म्हणजे ज्याला काही कंपन्या मल्टिबँड म्हणतात ते, त्याच्या जवळजवळ तिप्पट किमतीचं. तिप्पट पैसे देऊन तिप्पट अचूक मिळतं का, तर नाही. मग काय मिळतं ते आपल्या कोकणात कुठे पळता त्याच्यावर आहे, आणि हे मला कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं कारण ते सगळे मोठ्या शहरातल्या रस्त्यांवर नाहीतर परदेशातल्या पार्कात टेस्ट करतात.

आधी थोडं कसं चालतं ते, कारण ते कळलं की निम्मी चिडचिड कमी होते. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून साधारण 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ आहे आणि तो सतत सांगत असतो की मी आत्ता इथे आहे आणि माझ्याकडे आत्ता इतके वाजलेत. आपल्या मनगटावरचं यंत्र तो सिग्नल यायला किती वेळ लागला ते मोजतं आणि त्याच्यावरून अंतर काढतं, निदान चार उपग्रह दिसले की जागा ठरते. आता प्रकाशाच्या वेगाने येणारा सिग्नल एका सेकंदाच्या एक अब्जांश भागात तीस सेंटिमीटर जातो. म्हणजे वेळ मोजण्यात असे थोडेसे अब्जांश चुकले तरी इथे मीटरच्या मीटर फरक पडतो. आणि सिग्नल सरळ न येता भिंतीवर, कड्यावर आपटून आला की तो थोडा उशिरा पोचतो, यंत्राला वाटतं उपग्रह लांब आहे, आणि मग आपण रस्ता सोडून शेजारच्या घरातून पळालो असं नकाशावर दिसतं. ड्युअल फ्रिक्वेन्सीचा फायदा इथे होतो. जुनी घड्याळं फक्त एल-1 ही एकच फ्रिक्वेन्सी ऐकतात, नवीन एल-5 ही दुसरी पण ऐकतात, आणि एल-5 चा कोड दहापट वेगाने बदलतो त्यामुळे सरळ आलेला सिग्नल कुठला आणि आपटून आलेला कुठला हे वेगळं करणं सोपं जातं.

जाहिरातीत लिहिलेलं असतं ना, पाच सॅटेलाइट सिस्टिम, सहा सॅटेलाइट सिस्टिम, ते वेगळं. अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बायदू, आपलं इस्रोचं नाविक. जास्त सिस्टिम म्हणजे जास्त उपग्रह दिसणार हे खरं, पण सहा सिस्टिम आणि एकच फ्रिक्वेन्सी असं घड्याळ असू शकतं. विकत घेताना ड्युअल फ्रिक्वेन्सी हा शब्द शोधा, सिस्टिमचा आकडा मोजत बसू नका. आणि सगळ्यात आधी हे बघा की घड्याळात स्वतःचं जीपीएस आहे का, कारण दोन-तीन हजाराच्या बऱ्याच बँडमध्ये ते नसतंच, ते फोनचं जीपीएस वापरतात आणि फोन घरी ठेवलात की हाताच्या हलण्यावरून अंदाजे अंतर देतात. आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी असे बँड घेतले आणि सहा महिने समजलंच नाही.

आता टेस्टचं. माझा मावसभाऊ रस्त्याची कामं घेतो, त्याच्याकडे ते दांडीला चाक असलेलं मोजायचं यंत्र आहे. एका रविवारी त्याला चहा-पोह्यांचं कबूल करून सकाळी गोळपच्या बाजूच्या सड्यावर घेऊन गेले. सडा का, तर वर आभाळाशिवाय काही नाही. जांभ्याचं पठार, गवत, कुठेतरी एखादं करवंदीचं जाळं, बस. तिथल्या कमी रहदारीच्या रस्त्यावर एका कडेने चाक फिरवत दोन किलोमीटर मोजले आणि दर पाचशे मीटरला पांढऱ्या ऑइलपेंटने पट्टा मारला. चाक दोनदा फिरवलं, जाताना आणि येताना, दोन मीटरचा फरक आला, तो चालतो. मग दोन्ही हातात दोन घड्याळं बांधून पुढचे चार महिने कधी सकाळी, कधी संध्याकाळी, तेच दोन किलोमीटर पळत राहिले.

सड्यावर दोन्ही घड्याळं जवळजवळ सारखीच निघाली. नवीन 1.99 ते 2.01 च्या मधे, जुनं 1.97 ते 2.03. साडेआठ हजाराचं घड्याळ मोकळ्या आभाळाखाली दीड टक्क्याच्या आत राहतं ही गोष्ट मला खरंच महत्त्वाची वाटते, कारण ज्यांचं पळणं रोज सड्यावर नाहीतर समुद्रकिनाऱ्याला आहे त्यांनी पंचवीस हजार घालवायची गरज नाही.

पण मग आम्ही आगरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत उतरलो. माझ्या माहेरची वाडी खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या कडेला आहे, तिथून देवळापर्यंत पाखाडी, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट जाते, दोन्ही बाजूला दगडी गडगे, वर आंबा, फणस, माड, पोफळी, दुपारी बारालाही तिथे पायाखाली ऊन पडत नाही. पायऱ्यांवर चाक चालत नाही म्हणून भाच्याला घेऊन तीस मीटरच्या टेपने मोजलं, तो पुढे टेपचं टोक धरून बसायचा आणि मी मागून खडूने रेघ मारायची, एकवीस वेळा टेप टाकून थोडं उरलं, 640 मीटर भरलं. त्या पाखाडीत जुन्या घड्याळाने एकदा 540 दाखवलं, एकदा 720, एकदा 590, म्हणजे धरबंदच नाही. नकाशावर बघितलं तर ट्रॅक पाखाडी सोडून शेजाऱ्यांच्या गोठ्यातून गेलेला, पलीकडच्या व्हाळात उतरून परत आलेला. नवीन घड्याळ 620 ते 655. हा फरक आहे तिप्पट किमतीचा. आणि एक गंमतीची नाही पण लक्षात ठेवायची गोष्ट, जुलैमधे पानं चिंब भिजलेली असताना नवीन घड्याळसुद्धा 600 वर आलं. पाणी तो सिग्नल खातं, ओलं पान कोरड्या पानापेक्षा जास्त अडवतं. पावसात आगरातून पळालात तर कुठल्याही घड्याळाचा आकडा मनावर घेऊ नका.

शहरात, राम आळीत आणि गोखले नाक्याच्या आसपास, दोन्ही बाजूला दोन-तीन मजली इमारती आणि मधे अरुंद रस्ता, तिथे जुनं घड्याळ एका किलोमीटरला तीस-चाळीस मीटर जास्तच दाखवायचं कारण ट्रॅक करवतीच्या दातासारखा डावीकडे उजवीकडे जात असतो आणि प्रत्येक दात अंतरात धरला जातो. नवीन बरंच सरळ जातं.

उलटा प्रकार घाटीत. आरे-वारेच्या रस्त्याला जिथे चढ-उतार आणि वळणं आहेत तिथे जुनं घड्याळ कमी अंतर दाखवायचं. मला आधी कळेना की गल्लीत जास्त आणि वळणावर कमी असं कसं. मग सेटिंगमधे जाऊन बघितलं तर बॅटरी वाचवायला ते दर काही सेकंदांनी एकच बिंदू नोंदवत होतं. हिशोब करा, सहाच्या पेसने पळताना सेकंदाला पावणेतीन मीटर जातो, पाच सेकंदांनी एक बिंदू म्हणजे चौदा मीटर, आणि नागमोडी वळणावर दोन बिंदू सरळ रेषेने जोडले की वळण कापलं जातं. दर सेकंदाला नोंद करा असं सेटिंग बहुतेक घड्याळांत असतं, ते शोधून चालू करा, फुकटची सुधारणा आहे. चढाबद्दल लोक अजून एक विचारतात की घड्याळ आडवं अंतर मोजतं, मग चढावर कमी भरत असेल. भरतं, पण दहा टक्क्यांच्या चढालासुद्धा फरक अर्धा टक्काच येतो, त्याची काळजी नको.

किनाऱ्यावर, भाट्याला ओहोटीच्या वेळी घट्ट वाळूवर, दोन्ही घड्याळं उत्तम. सुरूच्या बनात आत शिरलं की थोडं हलतात पण आगराएवढं नाही.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. भाट्याच्याच पुलावर एकदा जुन्या घड्याळाने मला काजळी नदीत तीस-चाळीस मीटर आत दाखवलं. पूल पूर्ण मोकळा, ना झाड ना इमारत, मग चूक का, म्हणून मी घड्याळावर भडकले होते. ते आमच्या शेजारच्या तांडेल मामांना दाखवलं. मामांची हयात मिरकरवाड्याहून होडी घेऊन जाण्यात गेली, त्यांच्या बोटीवर जीपीएस कधीचं आहे, जाळं कुठे अडकतं, मासळी कुठे मिळते त्या जागांचे नंबर त्यांनी वहीत आणि मशीनमधे दोन्हीकडे ठेवलेत. त्यांनी ट्रॅक बघितला आणि विचारलं, चालू कुठे केलंस? मी म्हटलं राजिवड्याच्या गल्लीतून निघताना, पळता पळता. मामा म्हणाले, "अगो, आम्ही बंदरात मशीन चालू करतो नि मग डिझेल-बर्फ भरतो. त्याला आधी आभाळ बघू दे गो जरा."

तेच होतं. घड्याळाला आधी कुठला उपग्रह कुठे आहे याची ताजी माहिती लागते. ती फोनवरून सिंक झालेली असेल तर पाच-दहा सेकंदांत लॉक लागतो, नसेल तर ती उपग्रहाकडून ऐकून घ्यावी लागते आणि त्याला निदान अर्धा मिनिट स्वच्छ आभाळ लागतं, आणि काहीच माहिती नसेल, घड्याळ महिनाभर ड्रॉवरमधे पडलेलं असेल, तर कितीतरी मिनिटं जातात. मी गल्लीत, भिंतींच्या मधे, पळत असताना ते शोधत होतं, आणि जे अर्धवट मिळालं तेच पुलापर्यंत ओढत नेलं. त्या दिवसापासून माझा नियम, रात्री घड्याळ फोनला जोडून सिंक करायचं, सकाळी गेटबाहेर मोकळ्यावर उभं राहून हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचं आणि लागल्यावरही अजून एक मिनिट स्ट्रेचिंग करत थांबायचं, कारण लॉक लागला म्हणजे चार उपग्रह मिळाले, अजून थोडं थांबलं तर दहा-बारा मिळतात. मुंबईहून गणपतीला येणारी आमची भावंडं स्टेशनवरून थेट घरी येतात आणि पहिल्याच सकाळी म्हणतात गावात जीपीएस पकडत नाही. रेंज नाही म्हणून सिंक झालेलं नसतं आणि घड्याळाकडची उपग्रहांची माहिती शिळी झालेली असते, एवढंच कारण. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. दोन-तीन मिनिटं अंगणात ठेवा, पकडतं.

मग रेसचं. हाफ संपली की फिनिशला हमखास चर्चा, माझं 21.3 आलं, माझं 21.4, आयोजकांनी जास्त पळवलं. मला हे ऐकून वाईट वाटतं कारण नीट मोजलेल्या कोर्सवर हे व्हायलाच पाहिजे. हाफ मॅरेथॉन 21.0975 किलोमीटर. प्रमाणित कोर्स मोजतात सायकलने, पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं मोजणी यंत्र लावून, आणि मोजतात पळता येईल त्यातल्या सगळ्यात जवळच्या रेषेवर, वळणाला कडेपासून तीस सेंटिमीटरवर. वर कोर्स चुकून कमी भरू नये म्हणून हजारी एक जास्त धरतात, म्हणजे दहा किलोमीटरला दहा मीटर, हाफला एकवीस मीटर. आपण काय करतो, पाण्याच्या टेबलकडे जातो, माणसांना वळसा घालतो, वळण बाहेरून घेतो. त्याच्यात घड्याळाचा स्वतःचा एखादा टक्का. झालं 21.35. घड्याळ चुकलं नाही, आयोजकही चुकले नाहीत.

पण ह्याचा फटका बसतो, आणि माझ्या चुलत बहिणीला बसलाय म्हणून आकड्यात सांगते. तिला दोन तासांच्या आत यायचं होतं. 7200 सेकंद भागिले 21.0975, पेस आला 5:41. तिने पूर्ण रेसभर घड्याळावर 5:41 धरला, एक सेकंद इकडे तिकडे नाही, आणि फिनिशला वेळ 2:01:20. कारण तिच्या घड्याळाप्रमाणे अंतर 21.35 होतं आणि तेवढं अंतर 5:41 ने पळायला तेवढाच वेळ लागतो. चार महिने तिने त्या दोन तासांसाठी पहाटे साडेचारला उठून डबे करून मग पळायला जायचं चालवलं होतं. घड्याळावर 5:37 धरला असता तर झालं असतं. तर रेसमधे ठरवलेल्या पेसपेक्षा घड्याळावर चार-पाच सेकंद जलद धरा, आणि कोर्सवर किलोमीटरच्या पाट्या असतील तर ऑटो लॅप, म्हणजे घड्याळ दर किलोमीटरला आपोआप करतं ती नोंद, बंद करून पाटीशी आल्यावर हाताने लॅप दाबा. पाटी खरी, घड्याळाची टिंग टिंग नंतर.

आणि त्या क्षणाचा पेस बघत पळू नका. तो झाडाखालून गेलात की साडेसहा, बाहेर आलात की सव्वापाच असा उड्या मारतो, त्याच्यामागे पळून माणूस उगाच दमतो. स्क्रीनवर लॅप पेस ठेवा, म्हणजे चालू किलोमीटरची सरासरी, तो शांत असतो. माझ्या स्क्रीनवर तीनच गोष्टी आहेत, अंतर, लॅप पेस, एकूण वेळ. ऑटो पॉजही बंद करून टाका, आगरात सिग्नल डगमगला की त्याला वाटतं तुम्ही थांबलात आणि ते थांबतं, तुम्ही पळतच असता.

उंचीचं आपल्याकडे एक सुख आहे जे पुण्या-नाशिककडच्यांना नाही. ज्या घड्याळात बॅरोमीटर आहे ते हवेच्या दाबावरून उंची काढतं आणि त्याला अधूनमधून खरी उंची सांगावी लागते. आपण समुद्राशी राहतो. मांडवीच्या वाळूत पाण्याजवळ उभं राहायचं, शून्य धरायचं, कॅलिब्रेट. मग तिथून रत्नदुर्गला भगवतीच्या देवळापर्यंत चढून गेलं की येणारा आकडा दर वेळी चार-पाच मीटरच्या आत सारखा येतो. पण पावसाळ्यात हे बिघडतं. समुद्रसपाटीला दाब एक हेक्टोपास्कलने बदलला की उंची आठ मीटरने बदलली असं घड्याळाला वाटतं, आणि जून-जुलैमधे दोन तासांच्या रनमधे हवा तेवढी सहज बदलते. घरून निघाले तेव्हा चाळीस मीटर आणि परत आले तेव्हा पंचावन्न, घर काही वर सरकलेलं नसतं.

दाब मोजायचं जे बारीक छिद्र असतं ना घड्याळाच्या कडेला किंवा पाठीला, त्याच्यात मीठ जातं. हे मला सांगायचंच आहे. मेमधे, घामाचे दिवस, नवीन घड्याळावर सपाट किनाऱ्यावर मला दीडशे मीटरचा चढ दिसायला लागला. भिंग घेऊन बघितलं तर त्या तीन बारीक छिद्रांच्या तोंडाशी पांढरी किनार धरलेली, मिठागराच्या कडेला धरते तशी. सुईबिई अजिबात घालायची नाही, आतला पडदा फाटतो. कोमट गोड्या पाण्याच्या वाटीत अर्धा तास ठेवलं, पाणी बदललं, परत ठेवलं, पंख्याखाली वाळवलं, दुसऱ्या दिवशी चढ गायब. आता प्रत्येक रननंतर नळाखाली धुते, साबण नाही, नुसतं पाणी. चार्जिंगच्या पिनांचंही तेच, घामाच्या ओल्या पिनांना चार्जर लावला की हिरवट गंज धरतो, जुन्या घड्याळाच्या दोन पिना अशाच गेल्या. कोरड्या फडक्याने पुसून, दहा मिनिटं ठेवून मग चार्जर. आपल्या खाऱ्या हवेत हे न करणाऱ्याचं घड्याळ दोन पावसाळे काढत नाही असं मी आमच्या ग्रुपमधे बघितलंय.

पावसाळ्याचं अजून एक, बटणं पाहिजेत. नुसती टचस्क्रीन पावसात कामाची नाही, पाण्याचा थेंबच बोट समजते, रन आपोआप थांबतो, स्क्रीन बदलते. चार-पाच बटणांचं घड्याळ घ्या आणि रनमधे टच बंद ठेवा.

हार्ट रेट मनगटावरचा, थोडक्यात. घड्याळाच्या पाठीचा हिरवा दिवा कातडीखालचं रक्त बघतो. पट्टा सैल असला, घाम आला की कधी कधी तो नाडीऐवजी पावलांची लय धरतो, 170 पावलं आणि 170 ठोके, सावकाश पळत असताना. पट्टा मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर घट्ट बांधला की बरंच सुधारतं. ज्यांना झोन, म्हणजे ठोक्यांचे टप्पे, बघून ट्रेनिंग करायचंय त्यांनी छातीचा पट्टाच घ्यावा.

मॉडेल विचाराल तर, हे मी वापरून नाही, माहिती वाचून आणि ग्रुपमधल्यांच्या हातात बघून सांगते. ड्युअल फ्रिक्वेन्सी पाहिजे असेल तर गार्मिनच्या फोररनर 255 आणि 265 मधे आहे, कोरोसच्या पेस 3 मधे आहे, ॲपलच्या वॉच अल्ट्रामधे आहे. फोररनर 55 आणि 165 मधे नाही, पण 165 मधे बॅरोमीटर आहे, 55 मधे तोही नाही. सड्यावर, हायवेला, किनाऱ्याला पळणाऱ्याला 55 सारखं साधं घड्याळ भरपूर झालं. आगरात, घाटीत, गल्लीत पळत असाल आणि आकडे मनाला लागत असतील तर ड्युअल फ्रिक्वेन्सीसाठी पैसे साठवा, जुनं मॉडेल सेलमधे येईपर्यंत थांबा. बॅटरी त्या मोडमधे लवकर उतरते, माझी आठवड्याला चार रन करून आठव्या दिवशी चार्ज करावी लागते, मला चालतं.

आणि घेतल्यावर पहिला महिना परत करायची मुदत असेल तेवढ्यात त्याला त्रास द्या. दोन तासांपेक्षा मोठे निदान तीन रन करा, एक पावसात नाहीतर शॉवरखाली भिजवून, एक बॅटरी वीस टक्क्यांवर असताना. माझं जुनं घड्याळ एक-दीड तासापर्यंत कधीच अडकलं नाही, मोठ्या रनलाच अडकायचं, आणि मी मोठा रन पहिल्यांदा केला तोपर्यंत परत करायची मुदत संपून गेली होती. रेसच्या आदल्या रात्री अपडेटचं नोटिफिकेशन आलं तर हात लावू नका, रेस झाल्यावर करा. नवीन घड्याळाने दीड वर्षात, मोजून 262 रनमधे, एकही रन हरवलेला नाही, आणि मी त्याला पैकीच्या पैकी मार्क देते ते मुख्यतः ह्या एका गोष्टीसाठी, पाखाडीतल्या वीस मीटरसाठी नाही.

कोणाला आपलं घड्याळ तपासायचं असेल तर सड्यावरचे ते पांढरे पट्टे अजून आहेत, पहिला वळणावरच्या मोरीच्या कठड्यापाशी, मग दर पाचशे मीटरला एक, रस्त्याच्या डाव्या कडेने. यंदाच्या पावसात तिसरा जवळजवळ पुसला गेलाय, नवरात्र झालं की भावाचं चाक आणून परत मारणार आहे. येणार असाल तर सहाच्या आत या, आठनंतर तिथे सावली नाही, आणि प्यायचं पाणी आपलं आपण आणा.